गोपनीय शेरा आणि सैनिकाचा हक्क

जालना जिल्ह्यातील एखाद्या खेड्यातला मुलगा सैन्यात अधिकारी झाल्याची वार्ता आली म्हणजे ती एका घरापुरती राहत नाही. भोकरदन असो, अंबड असो वा घनसावंगी असो, गावाच्या वेशीपाशी फलक लागतो, शाळेत सत्कार होतो, आणि ज्या गुरुजींनी त्यास पाढे शिकविले ते पुढची अनेक वर्षे प्रत्येक नव्या वर्गाला त्याचे नाव सांगत असतात. छत्रपती संभाजीनगरच्या सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेने १९७७ पासून महाराष्ट्रातील कितीतरी मुलांना खडकवासल्याच्या प्रबोधिनीची वाट दाखविली आहे. हा सारा सोहळा उघड्यावर होतो आणि तो उघड्यावरच व्हावा. परंतु त्याच मुलाची दीड-दोन दशकांनंतर वरच्या हुद्द्यासाठी निवड झाली नाही, तर ते मात्र एका कोरड्या ओळीत कळविले जाते. तेव्हा वेशीवर फलक लागत नाही. का निवड झाली नाही, हे गावाला कळत नाही, घराला कळत नाही, आणि पुष्कळदा खुद्द त्या अधिकाऱ्यालाही कळत नाही.

हा विषय पहिल्या पानावर घेण्याजोगा आहे काय, असे काही वाचक विचारतील. पाणीटंचाई, कर्जबाजारी शेतकरी आणि बंद पडणाऱ्या शाळा यांच्यापुढे कोणा अधिकाऱ्याच्या खांद्यावरील ताऱ्याची मातब्बरी ती काय? आमचे उत्तर असे की, प्रश्न ताऱ्याचा नाही. माणसाच्या साऱ्या आयुष्याच्या कामाविषयी कोणीतरी कागदावर काही लिहून ठेवतो. तो कागद त्यास दाखविला जात नाही. त्या कागदाच्या आधारे त्याचे भवितव्य ठरते. आणि त्यातील मजकूर चुकीचा असल्यास तो दुरुस्त करून घेण्याची वाट इतकी लांबची असते की, ती सरेपर्यंत सेवेची वर्षेच सरून जातात. हा प्रश्न ज्या राज्यव्यवस्थेत उभा राहतो, ती व्यवस्था स्वतःस लोकशाही म्हणवीत असेल, तर तिच्या नागरिकांनी त्याकडे पाठ फिरविता कामा नये.

प्रथम पद्धती समजून घेऊ. आपल्या भूसेनेत लेफ्टनंट कर्नलच्या हुद्द्यापर्यंतची बढती, आवश्यक परीक्षा व शारीरिक पात्रता सांभाळली, तर ठराविक वर्षांच्या सेवेनंतर मिळते. अजय विक्रम सिंग समितीच्या शिफारशींनुसार २००४ मध्ये झालेला हा बदल आहे. तेथून पुढे मात्र कर्नल, ब्रिगेडिअर, मेजर जनरल असे प्रत्येक पाऊल निवडीचे असते. सेनेची रचना शंकूसारखी आहे. खाली रुंद, वर निमुळती. एकाच तुकडीत भरती झालेल्या अधिकाऱ्यांपैकी पुष्कळ जण कर्नल होऊ शकत नाहीत, आणि ब्रिगेडिअर होणारे तर त्याहूनही थोडे. निवडमंडळ प्रत्येकाचा विचार साधारणपणे तीनदा करते: एकदा प्रथम आणि दोनदा फेरविचार म्हणून. तिन्ही वेळा नाव आले नाही म्हणजे त्या वाटेचे दार बंद झाले.

ही निवड मुख्यतः गोपनीय अहवालांवर होते. अधिकाऱ्याचा तत्काळ वरिष्ठ अहवाल लिहितो, त्याच्या वरचा त्याचे परीक्षण करतो, आणि त्याच्याही वरचा आपला अभिप्राय जोडतो. एक ते नऊ अशा अंकांत गुण दिले जातात. तत्काळ वरिष्ठाने लिहिलेल्यातील काही भाग अधिकाऱ्यास दाखविण्यात येतो. परंतु वरच्या दोघांचे गुणांकन आणि पुढील हुद्द्यासाठी केलेली वा न केलेली शिफारस त्याच्यासाठी बंद पाकिटातच राहते. निवडमंडळासमोर जो तक्ता जातो त्यावर अधिकाऱ्याचे नाव नसते. ओळख झाकलेली असते. पक्षपात टाळण्यासाठी योजिलेली ही व्यवस्था चांगलीच आहे. परंतु तिचा दुसरा अर्थही ध्यानात घेतला पाहिजे. मंडळासमोर माणूस उभाच नसतो, केवळ कागद असतो. तो कागद खोटे बोलला, तर त्यास अडविणारे तेथे कोणी नाही.

शिवाय येथे अन्याय होण्यासाठी उघड निंदेची गरज नाही, ही गोष्ट नागरी जीवनातील वाचकांच्या सहसा ध्यानात येत नाही. ‘हा अधिकारी नालायक आहे’ असे कोणी लिहिले, तर तो प्रतिकूल शेरा ठरतो आणि तो अधिकाऱ्यास कळवावा लागतो. परंतु जेथे बहुतेक सर्व प्रतिस्पर्ध्यांना आठ आणि नऊ गुण मिळतात, तेथे कोणा वरिष्ठाने वरकरणी सौम्य शब्दांत स्तुती करून सात गुण दिले, तर काम तमाम होते. शब्द गोड, अंक कडू. स्पर्धा अशी अटीतटीची असते की, अपूर्णांकाच्या फरकाने एक वर जातो आणि दुसरा कायमचा खाली राहतो. ज्याने तो अंक लिहिला, तो कदाचित दुसऱ्याच दिवशी विसरून गेला असेल. ज्याच्याविषयी लिहिला, तो जन्मभर विसरत नाही.

नागरी सेवेतील अशाच प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये देव दत्त यांच्या खटल्यात महत्त्वाचा निकाल दिला. सीमा रस्ते अभियांत्रिकी सेवेतील या अधिकाऱ्यास एका वर्षी ‘चांगला’ असा शेरा मिळाला होता. परंतु बढतीसाठी ‘फार चांगला’ हा शेरा आवश्यक होता. म्हणजे दिसावयास स्तुती, परिणामी शिक्षा. न्यायालयाने सांगितले की, शेरा प्रतिकूल असो वा अनुकूल, प्रत्येक नोंद संबंधित माणसास कळविली पाहिजे. एरवी त्यास त्याविरुद्ध दाद मागता येणार नाही आणि ते मनमानीपणाचे होईल. २०१३ मध्ये सुखदेव सिंग यांच्या खटल्यात तीन न्यायाधीशांच्या पीठाने याच तत्त्वावर शिक्कामोर्तब केले. परंतु देव दत्त यांच्या निकालपत्रातच एक अपवाद नमूद आहे. हे निर्देश सैनिकी अधिकाऱ्यांस लागू होणार नाहीत, कारण मेजर बहादूर सिंग यांच्या खटल्यात न्यायालयाने त्यांची स्थिती निराळी असल्याचे यापूर्वीच स्पष्ट केले आहे, असे तेथे म्हटले आहे. तहसील कचेरीतील कारकुनास जो हक्क आहे, तो सीमेवर पलटणीचे नेतृत्व करणाऱ्यास नाही! शिस्तीच्या नावाखाली ही विषमता कोठवर चालवावयाची, हा प्रश्न आम्ही आज विचारू इच्छितो.

मग अन्याय झालाच, तर सैनिकी अधिकाऱ्याने करावे तरी काय? कायद्याने वाट दिलेली आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. १९५० च्या सेना अधिनियमातील कलम २७ अन्वये, वरिष्ठाकडून आपणांवर अन्याय झाला असे ज्या अधिकाऱ्यास वाटते आणि रीतसर अर्ज करूनही ज्याचे समाधान होत नाही, त्यास केंद्र सरकारकडे तक्रार करण्याचा हक्क आहे. अधिकारी नसलेल्या सैनिकांसाठी कलम २६ आहे. प्रघात असा की, प्रथम सेनेच्या अंतर्गत तक्रार करावयाची, ती फेटाळली गेली तर वैधानिक तक्रार करावयाची, आणि तीही फेटाळली गेली तर सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचे दार ठोठावावयाचे. २००७ च्या अधिनियमाने स्थापन झालेले हे न्यायाधिकरण २००९ मध्ये कार्यरत झाले. त्याचे एक पीठ मुंबईस आहे. त्यात एक न्यायिक सदस्य आणि एक सेनेतील अनुभवी प्रशासकीय सदस्य बसतो. तक्रारीवर सहा महिने निर्णयच झाला नाही तर थांबण्याचे कारण नाही. आणि अंतिम निर्णय हाती आला, तर तेथून सहा महिन्यांच्या आत अर्ज केला पाहिजे.

या तक्रारींत मागावयाचे काय, याविषयी मात्र बराच गैरसमज आहे. ‘मला बढती द्या’ अशी मागणी तेथे टिकत नाही. टिकते ती नोंद दुरुस्त करण्याची मागणी. अहवाल लिहिणाऱ्या वरिष्ठाच्या हाताखाली अधिकाऱ्याने किमान ९० दिवस काम केलेले होते काय? अगोदरच्या आणि नंतरच्या साऱ्या वर्षांत ज्यास उच्च गुण मिळाले, त्याच्या एकाच वर्षाच्या अहवालात एकाएकी उतार कसा आला? शब्दांतील वर्णन आणि अंकांतील गुण यांचा मेळ बसतो काय? ज्याच्याशी वाद झाला होता, त्यानेच अहवाल लिहिला काय? अशा कारणांवरून तो अहवाल वा त्यातील एखाद्या वरिष्ठाचे मूल्यमापन सदोष ठरले, तर ते अभिलेखातून काढून टाकले जाते आणि दुरुस्त झालेल्या अभिलेखासह त्या अधिकाऱ्याचा निवडमंडळापुढे विशेष फेरविचार होतो. त्यात निवड झाली, तर त्याची मूळची ज्येष्ठता त्यास परत मिळावी, हाच या साऱ्या खटाटोपाचा हेतू.

न्यायालये येथे हात आखडता घेतात, याबद्दल पुष्कळांची नाराजी आहे. १९९३ मध्ये एअर व्हाइस मार्शल छाब्रा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, निवडमंडळाच्या गुणांकनावर आपण अपील ऐकल्यासारखे बसणार नाही. आमच्या मते ही भूमिका योग्यच आहे. पलटणीचा नायक कोण असावा हे न्यायमूर्तींनी ठरवू नये. ते त्यांचे काम नव्हे आणि त्या निवडीचे परिणाम रणांगणावर भोगावयाचे त्यांना नसतात. परंतु निवड करणे वेगळे आणि निवडीपुढे जाणारा कागद खरा आहे की खोटा हे पाहणे वेगळे. तराजू कोणी धरावा याबद्दल न्यायालयाने मौन पाळावे. वजने खोटी आहेत काय, हे मात्र त्याने तपासलेच पाहिजे.

हा भेद किती महत्त्वाचा आहे हे महिला अधिकाऱ्यांच्या लढ्याने दाखवून दिले. १७ फेब्रुवारी २०२० रोजी बबिता पुनिया यांच्या खटल्यात त्यांचा कायम सेवेचा हक्क मान्य झाला. २५ मार्च २०२१ रोजी लेफ्टनंट कर्नल नितिशा यांच्या खटल्यात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी त्या हक्काच्या अंमलबजावणीची चिरफाड केली. या स्त्रियांना कायम सेवा मिळणारच नाही असे गृहीत धरून वरिष्ठांनी वर्षानुवर्षे त्यांचे अहवाल निष्काळजीपणे लिहिले होते. आणि पुढे त्याच अहवालांच्या आधारे त्यांची तुलना पुरुष अधिकाऱ्यांशी करण्यात आली. नंतरच्या काळात त्यांनी मिळविलेले सन्मान तर विचारातच घेतले गेले नाहीत. प्रकरण तेथेही संपले नाही. कर्नलच्या हुद्द्यासाठी निवड करताना कोठवरचे अहवाल पाहावयाचे याची जी मर्यादा आखली गेली, ती मनमानी असल्याचे ३ नोव्हेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरविले आणि विशेष निवडमंडळ पुन्हा बसविण्याचा आदेश दिला. न्यायालयाने कोणासही कर्नल केले नाही. त्याने एवढेच सांगितले की, माणसाची सारी कामगिरी समोर ठेवा आणि मग निवडा. ३० मे २०२५ रोजी खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून १७ छात्रकन्यांची पहिली तुकडी बाहेर पडली. या मुली वीस वर्षांनी निवडमंडळापुढे येतील, तेव्हा त्यांच्या अहवालांतील अंक कोणत्या वृत्तीने लिहिलेले असतील, याची चिंता आजच केली पाहिजे.

महाराष्ट्राला डावलल्या गेलेल्या सेनानींचा इतिहास अपरिचित नाही. कोल्हापूरकडील लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात यांनी दुसऱ्या महायुद्धात कांगॉ येथे पराक्रम गाजविला, कोरियातील भारतीय संरक्षक दलाचे नेतृत्व केले, आणि पूर्व विभागाचे सेनापती असताना मार्च १९६० मधील ‘लाल किला’ या सरावात चिनी आक्रमणाचा धोका सरकारपुढे मांडला. सेनाप्रमुख थिमय्या यांची शिफारस त्यांच्या बाजूने होती. मे १९६१ मध्ये प्रमुखपदी आले ते जनरल थापर. थापर ज्येष्ठतेत काहीसे पुढे होते, हे नमूद केले पाहिजे. तेव्हा जे झाले ते बेकायदा होते असे कोणी म्हणणार नाही. परंतु पुढच्याच वर्षी नेफात जे घडले, त्यानंतर महाराष्ट्रातील माणसे त्या निवडीविषयी हळहळत राहिली.

नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९८३ मध्ये उपप्रमुख लेफ्टनंट जनरल सिन्हा यांना बाजूस सारून जनरल अरुणकुमार वैद्य यांस सेनाप्रमुख करण्यात आले, आणि सिन्हा यांनी राजीनामा दिला. वैद्य आपले, दोन वेळा महावीरचक्र मिळविणारा तो वीर प्रत्येक दृष्टीने त्या पदास योग्य होता. १९८६ मध्ये पुण्यात अतिरेक्यांच्या गोळ्यांना ते बळी पडले, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने अश्रू ढाळले. परंतु आपला माणूस वर गेला म्हणून कारणे न सांगण्याची रीत चांगली ठरत नाही. थोरातांच्या वेळी ज्याचे वाईट वाटले, त्याचे सिन्हांच्या वेळीही वाटले पाहिजे. एरवी आमची न्यायबुद्धी केवळ आपपरभावच ठरेल.

अभिलेखातील चूक वेळेवर दुरुस्त न झाल्यास काय होते, याचे सर्वात मोठे उदाहरण जनरल विजयकुमार सिंग यांचे. त्यांच्या शालान्त प्रमाणपत्रात जन्मवर्ष १९५१ होते, प्रबोधिनीच्या प्रवेश-अर्जात १९५० पडले होते. एकाच सेनेच्या दोन शाखा त्यांची दोन जन्मवर्षे दशकानुदशके सांभाळीत राहिल्या. प्रकरण हातघाईस आले तेव्हा ते सेनाप्रमुख होते. वैधानिक तक्रार डिसेंबर २०११ मध्ये फेटाळली गेली आणि १० फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयातील याचिका त्यांना मागे घ्यावी लागली. आमच्या मराठवाड्यातील वाचकांस हे वाचून हसूही येईल आणि रडूही. ज्यांची जन्मतारीख शाळेत घालताना गुरुजींनी सरसकट १ जून अशी टाकून दिली, अशी माणसे येथे घरोघरी आहेत. एका ओळीतील निष्काळजीपणा माणसाच्या मागे निवृत्तीपर्यंत कसा लागतो, हे त्यांस वेगळे सांगावयास नको. देशाच्या सेनाप्रमुखाची जी गत झाली, ती मंठा किंवा जाफराबाद तालुक्यातून गेलेल्या एखाद्या सुभेदाराची झाली, तर ती कोणत्या वर्तमानपत्रात येणार?

इतर देशांत काय करतात, हे पाहणे उद्बोधक आहे. अमेरिकेत पूर्वी सैनिकी अभिलेखातील चूक दुरुस्त करून घेण्यासाठी एकेका माणसाकरिता स्वतंत्र विधेयक कायदेमंडळापुढे आणावे लागे. १९४६ च्या कायद्याने ही विचित्र रीत थांबवून अभिलेख-दुरुस्ती मंडळे स्थापन करण्यात आली. त्यांत नागरी सदस्य असतात, सैनिकी नव्हे. चूक सुधारणे आणि अन्याय दूर करणे, असे त्यांचे कार्य दुहेरी आहे. म्हणजे नियमांत बसवून केलेला अन्यायही त्यांच्या कक्षेत येतो. तीन वर्षांच्या आत अर्ज करावा असा नियम आहे, पण न्यायासाठी आवश्यक वाटल्यास मंडळ ती मुदत बाजूला ठेवू शकते. दुरुस्त झालेल्या अभिलेखावर विशेष निवडमंडळ बसविण्याची तरतूदही तेथे आहे. ब्रिटनमध्ये १ जानेवारी २०१६ पासून सशस्त्र दलांच्या तक्रारींसाठी स्वतंत्र लोकपालाची व्यवस्था सुरू झाली. या देशांत अन्याय होत नाही असे नाही. तेथील मंडळांवरही दिरंगाईचे आणि वरिष्ठांची बाजू घेण्याचे आरोप होतात. परंतु न्यायालयाची पायरी चढण्यापूर्वी, सेनेच्या साखळीबाहेरचा कोणीतरी तटस्थ माणूस आपला कागद पाहील, एवढा दिलासा तेथील सैनिकास आहे. आपल्याकडे तो नाही.

आपल्याकडील तक्रार फिरून फिरून त्याच साखळीत जाते. जे अहवाल लिहितात, ज्यांचे सहकारी त्यावर अभिप्राय देतात आणि ज्यांच्या शाखा तो सांभाळतात, त्यांचेच मत तक्रारीवर मागविले जाते. पुढे न्यायाधिकरण आहे. परंतु ज्या संरक्षण मंत्रालयाविरुद्ध तेथे दाद मागावयाची, त्याच मंत्रालयाच्या प्रशासकीय छायेखाली ते उभे केलेले आहे. ते कायदा मंत्रालयाकडे सोपवावे असे पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने २०१२ मध्येच म्हटले होते. सदस्यांच्या जागा वेळेवर न भरल्याने काही पीठांचे काम दीर्घकाळ थंडावल्याचेही देशाने पाहिले आहे. २०१५ मध्ये संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी सेवाविषयक खटले कमी करण्यासाठी तज्ज्ञ समिती नेमली आणि तिने त्याच वर्षी अहवालही दिला. अशा समित्यांचे अहवाल कपाटात ठेवून खटल्यांची संख्या कशी कमी होणार?

या दिरंगाईची किंमत समजण्यासाठी फार गणित नको. कर्नलची निवृत्ती ५४ व्या वर्षी, ब्रिगेडिअरची ५६ व्या वर्षी. चाळिशीच्या आसपास कर्नलपदासाठी ज्याचा पहिला विचार झाला, त्याने अंतर्गत तक्रार, वैधानिक तक्रार, न्यायाधिकरण आणि मग सर्वोच्च न्यायालय असा प्रवास केला, तर अखेरीस त्याची बाजू खरी ठरेपर्यंत पलटणीचे नेतृत्व करण्याचे वय मागे पडलेले असते. मग त्यास निवृत्तिवेतनातील फरक मिळतो. बैल गेला आणि झोपा केला, यापेक्षा त्यास निराळे काय म्हणावे? शिवाय नुकसान त्या एकट्याचे नसते. ज्या पलटणीला चांगला नायक मिळावयाचा होता, तिला तो मिळाला नाही. ते नुकसान कोणत्याही निकालाने भरून निघत नाही.

सेनेची बाजूही विचारात घेतली पाहिजे. प्रत्येक अंकावर तक्रार होऊ लागली, तर वरिष्ठ अधिकारी खरे लिहिण्यास धजणार नाहीत, सर्वांनाच नऊ गुण देतील आणि निवड अशक्य होईल, असे सांगण्यात येते. हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. परंतु सर्वांना आठ-नऊ गुण देण्याची प्रवृत्ती गोपनीयता असतानाच वाढली आहे. तेव्हा तिचे खापर पारदर्शकतेवर कसे फोडता येईल? ज्यास आपले मत माणसाच्या तोंडावर सांगण्याचे धैर्य नाही, त्याने ते त्याच्या पाठीमागे लिहावे हे सैनिकी बाण्यास शोभते काय? रणांगणात हाताखालच्यास मरणाच्या तोंडी धाडण्याचा हुकूम जो समोरासमोर देतो, त्यास सात गुणांचे कारण समोरासमोर सांगता येऊ नये, हे आम्हांस पटत नाही.

आम्हीही हे विसरत नाही की, निवड न झालेला प्रत्येक अधिकारी अन्यायग्रस्त नसतो. जागा थोड्या आणि लायक माणसे पुष्कळ असली, म्हणजे काही लायक माणसे मागे राहणारच. अशा माणसास त्याचे गुण आणि निवडीची कारणे प्रामाणिकपणे सांगितली, तर तो दुःखी होईल, पण कटू होणार नाही. कटुता येते ती अंधारातून. जे कळत नाही, त्याविषयी माणूस सर्वात वाईट तेच कल्पितो. आणि अशी कल्पना घेऊन दहा-बारा वर्षे सेवा करणारा अधिकारी सेनेस परवडणारा नाही.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. संपूर्ण गोपनीय अहवाल, निदान त्यातील सर्व गुण आणि बढतीविषयीची शिफारस, संबंधित अधिकाऱ्यास दाखविण्यात यावी. तक्रारीवरील निर्णयास मुदत असावी. ती टळली तर विलंबाची जबाबदारी कोणावर तरी निश्चित व्हावी. तक्रार फेटाळताना कारणे लिहावीत. ‘विचारपूर्वक अमान्य’ एवढ्या दोन शब्दांवर माणसाची वीस वर्षे मोडीत काढू नयेत. अभिलेख तपासण्यासाठी नागरी सदस्य असलेले तटस्थ मंडळ नेमावे. न्यायाधिकरण संरक्षण मंत्रालयाच्या छायेतून बाहेर काढावे आणि त्याच्या जागा रिकाम्या होण्यापूर्वीच भरण्याची तरतूद करावी. अहवाल रद्द झाल्यावर विशेष निवडमंडळ ठराविक आठवड्यांत बसावे.

आणि एक मागणी आमच्या या भागापुरती. जालन्याहून मुंबई सुमारे चारशे किलोमीटर. पेन्शनवर जगणाऱ्या हवालदाराने वा त्याच्या विधवेने एका तारखेसाठी तेथवर जावयाचे, वकील धरावयाचा, आणि सुनावणी पुढे ढकलली म्हणून परत यावयाचे, हे किती काळ चालणार? मार्च २०२३ मध्ये परशोत्तम दास यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, न्यायाधिकरणाच्या निर्णयाविरुद्ध उच्च न्यायालयात जाण्याची वाट बंद नाही, असे स्पष्ट केले आहे. ज्या १९८१ साली जालना जिल्हा निर्माण झाला, त्याच साली उच्च न्यायालयाचे खंडपीठ औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, आले. त्याच शहरी न्यायाधिकरणाचे फिरते पीठ वर्षातून काही दिवस बसण्यास कोणती अडचण आहे? आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांतून पेन्शनच्या कागदांबरोबर अशा तक्रारींविषयीही जाणकार वकिलाचा सल्ला मिळाला, तर मुदत टळल्यामुळे हक्क गमावणाऱ्यांची संख्या कितीतरी कमी होईल.

सेवेत असलेल्या आमच्या मुलांनाही दोन शब्द सांगावेसे वाटतात. तक्रार करणे म्हणजे बंड नव्हे. कायद्यानेच दिलेला हक्क वापरण्यात बेशिस्त कसली? आपल्या प्रत्येक नेमणुकीच्या तारखा, प्रशस्तिपत्रे, अहवालाचा दाखविला गेलेला भाग यांची नोंद स्वतःजवळ ठेवावी. शंका आली तर त्याच वर्षी अर्ज करावा. बढती नाकारली जाईपर्यंत वाट पाहू नये. तक्रारीत वरिष्ठाच्या हेतूंवर पाने खर्च करण्यापेक्षा तारखा आणि अंक यांतील विसंगती दाखवावी. रागाने लिहिलेली तक्रार लिहिणाऱ्याचे समाधान करते. पुराव्याने लिहिलेली तक्रार वाचणाऱ्यास उत्तर देण्यास भाग पाडते.

याच जालना जिल्ह्यातील असई गावाजवळ २३ सप्टेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांचे सैन्य वेलस्लीशी झुंजले. शिंद्यांचे गोलंदाज तोफांपाशीच कापले गेले, पण हटले नाहीत. इंग्रजांच्या बाजूचे मृत आणि जखमी दीड हजारांवर गेले. त्यांचा हिशेब त्यांच्या दप्तरात आहे, सेनापतीचे खलिते छापून ठेवले आहेत. आमच्या त्या गोलंदाजांची नावे मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत. त्यांचा पराक्रम आज आपणांस कळतो तो मुख्यत्वे शत्रूच्या कागदांतून. आणि याच जिल्ह्यातील जांब गावी जन्मलेल्या समर्थांनी, लेखन कसे करावे यासाठी दासबोधात एक स्वतंत्र समास खर्ची घातला. जी भूमी नोंद न राहिल्याने काय हरवते हे जाणते, आणि काळजीपूर्वक लिहिण्याचा उपदेश जिने शतकांपूर्वी ऐकला, त्या भूमीने आपल्या सैनिकांच्या कागदांविषयी बेफिकीर राहू नये.

त्या गोलंदाजांची नावे आता कोणी लिहू शकणार नाही. आज सीमेवर असलेल्यांविषयी मात्र जे लिहिले जाते ते खरे लिहावे, ज्याच्याविषयी लिहिले त्यास दाखवावे, आणि चुकले असल्यास तो सेवेत असतानाच सुधारावे, एवढे सरकारच्या हाती खास आहे. संसदेतील आमच्या प्रतिनिधींनी पुढील अधिवेशनात संरक्षणमंत्र्यांस हा प्रश्न विचारावा. त्यांस मिळणारे उत्तर आम्ही याच पानावर छापू.